तयार डबा की भाऊजींचं मशीन

आमच्या घरात पक्षी ठेवायला जागा उरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खरे पक्षी नव्हेत, त्यांचे फोटो. माझे यजमान अमरावतीच्या कोर्टात वकिली करतात. वाटणीचे दावे, शेताच्या धुऱ्याची भांडणं, भाडेकरूंची प्रकरणं यांत उमेदीची वर्षं गेली आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. आधी दुर्बीण आली, मग कॅमेरा, मग कॅमेऱ्याहून लांब लेन्स. रविवारी पहाटे छत्री तलाव नाहीतर वडाळी, जोडून सुट्टी आली की मेळघाट. परत आले की एकट्या खंड्याचे शे-दीडशे फोटो. मला सगळे सारखे दिसत. त्यांना विचारलं, "यातले चार ठेवून बाकीचे पुसून टाकायचे का?" तर माझ्याकडे असं पाहत, जसं मी चार मुलांपैकी एक ठेवा म्हटलं.

हे फोटो बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कमध्ये जायचे. खिशातल्या डायरीएवढ्या काळ्या डब्या. एक भरली की दुसरी. भरलेल्या डब्या माझ्या साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलेल्या, आणि चालू असलेली डबी फ्रिजवर. फ्रिजवरच किल्ल्या, दुर्बिणीची टोपी, विजेची बिलं आणि बामची बाटली.

जानेवारीतल्या एका सकाळी ते दुर्बिणीची टोपी चाचपडत होते आणि डबी खाली पडली. आवाज फार नाही झाला. वाटीचा होतो त्याहून कमी. त्यांनी ती उचलली, पुसली, लॅपटॉपला लावली. आतून टिक, टिक, टिक असा आवाज यायला लागला आणि पडद्यावर काहीच येईना. त्या डबीत त्यांचा अख्खा हिवाळा होता. पट्टकादंब नावाचे लांबून येणारे हंस असतात. त्यांच्यासाठी ते तलावाच्या चिखलात पोटावर पडून राहिले होते, दोन पॅन्टी खराब करून. ते सगळं आत.

त्यांनी डबी फ्रिजवर परत ठेवली. कोर्टात गेले, संध्याकाळी आले, पुन्हा डबी लावली. टिक, टिक, टिक. जेवताना वरणात मीठ नव्हतं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस घरात गप्प बसला की बरं वाटत नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. कॉम्प्युटरशी माझा संबंध बिलं भरण्यापुरता. पण कुणीतरी काही करायला हवं होतं, म्हणून मी पुण्याला मुलीला फोन लावला. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"आई, किती वर्षांपासून सांगतेय," ती म्हणाली. "त्या सुट्या डब्यांवर काही ठेवू नका. एक तयार स्टोरेज सर्व्हर मिळतो. छोटंसं खोकं असतं, टोस्टरएवढं. त्यात दोन डिस्क बसतात. एकीत जे जातं ते आपोआप दुसरीतही जातं. वायफायला जोडायचं आणि विसरून जायचं. एक डिस्क गेली तरी दुसरी असते. बाबा तिकडून फोटो टाकतील, मी इथून बघेन."

"आणि ते बंद पडलं तर?"

"कंपनी बघते ना, आई. तुम्हाला काही करायचं नाही."

मला पटलं. काही करायचं नाही, हे ऐकायला कुणालाही बरंच वाटतं.

पण मग मेलेल्या डबीचं काय करायचं म्हणून मी अकोल्याला भाऊजींना फोन केला. भाऊजी म्हणजे माझे दीर, यजमानांचे धाकटे भाऊ. त्यांचं अकोल्यात जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. मोठी ऑफिसं आपली मशीनं चार-पाच वर्षांनी काढून टाकतात. भाऊजी ती गठ्ठ्यानं घेतात, उघडतात, झाडतात, हवं ते बदलतात आणि शिकवणी वर्गांना, दवाखान्यांना, ग्रामपंचायतींना विकतात.

"वैनी, तिले हात नका लावू," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा लावून पाहून राहिले असान, तं तिचा जीव चालला. दादाले म्हना, गप बस. मले पाठवून द्या."

मग मी ओघात मुलीनं सांगितलेल्या खोक्याबद्दल बोलले.

"तयार डब्बा घेऊन राहिले तुमी?"

"विचार चाललाय."

"वैनी, मी काय मेलो काय?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. भाऊजींचं दुकान सुरू होऊन वीसेक वर्षं झाली असतील. या सगळ्या काळात त्यांच्या सख्ख्या भावानं तिथून एक माऊससुद्धा घेतला नव्हता. भांडण काही नव्हतं. दिवाळी, अक्षयतृतीया, लग्नकार्यं सगळं एकत्र व्हायचं. पण वकिलांना कोरं पाकीट हवं. टीव्ही, लॅपटॉप, स्कूटर, काहीही. वरचं प्लास्टिक त्यांनी स्वतः काढलं पाहिजे. घर घेतानाही त्यांनी दोन चांगली घरं नाकारली, कारण तिथे आधी कुणीतरी राहून गेलं होतं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला कारण सांगितलं होतं. लहानपणी त्यांच्या अंगावर नेहमी मोठ्या चुलतभावाचे कपडे असायचे. एकदा शाळेत त्या चुलतभावाच्याच मित्रानं सदरा ओळखला आणि वर्गासमोर म्हटलं, "हा खिसा मीच फाडला होता." तेव्हापासून.

भाऊजींना हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी दाखवलं नाही. पण त्या दिवशी फोनवर "मी काय मेलो काय" म्हणाले, त्यात थट्टेच्या खाली दुसरंही काही होतं.

रविवारी आम्ही चौघं फोनवर एकत्र आलो. पुण्याहून मुलगी, अकोल्याहून काका, आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलापाशी, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून. यजमानांनी चष्मा लावला आणि दोन्ही पक्षांना आपापली बाजू मांडायला सांगितलं. मुलगी म्हणाली, तयार खोकं लहान असतं, वीज कमी खातं, आवाज करत नाही, आणि बाबांना ते सहज जमेल. काका म्हणाले, त्याच भावात मी दुप्पट ताकदीचं मशीन देतो, वर चार डिस्कची जागा, आणि बिघडलं तर त्याचा हरेक भाग अकोल्यात बाजारात मिळतो.

"काका, जुन्या मशीनवर नव्या डिस्क लावायच्या का?"

"डिस्क नवीनच, बाई. ते तं ठरलेलंच हाये. डबडं जुनं चालते, डिस्क जुनी चालत नाही. आपन जुन्या घरात ऱ्हातो, पन जुनं दूध पेत नाही ना?"

मुलगी हसली. "पण काका, त्याच्यावरचं सॉफ्टवेअर? अपडेट? ते कोण करणार? बाबा?"

"मी हावो ना."

"तुम्ही अकोल्यात."

"अकोला काय अमेरिकेत हाये काय?"

यजमानांनी चष्मा काढला. निकाल राखून ठेवला. पण मला चेहरा कळतो. त्यांचं खोक्याचं ठरलं होतं, फक्त धाकट्या भावाला नाही कसं म्हणायचं एवढंच राहिलं होतं. रात्री ते मला म्हणाले, "आपण अकोल्याला जाऊन पाहून येऊ. पाहिलं तर पाहिजे. मग सांगू त्याला, की घरात आवाज सहन होणार नाही."

असं आम्ही नाही म्हणायला अकोल्याला गेलो. मेलेली डबी मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतली होती.

भाऊजींचं दुकान लांबट आहे. दोन्ही बाजूंना फळ्यांवर मशीनं रचलेली, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. मी पूर्वीही गेले होते, पण यजमान आत मागपर्यंत बहुधा पहिल्यांदाच आले. एरवी दारातूनच चहा पिऊन जायचे. भाऊजींनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली, मग पुन्हा पुसली. मागच्या टेबलावर एक काळं, उभं मशीन मांडून ठेवलं होतं. एका बँकेतून निघालेलं, असं ते म्हणाले. बाजूची पत्र्याची झडप काढलेली. आत धुळीचा कण नव्हता. त्यांनी ते ब्रशनं, हवेच्या पंपानं आणि मला वाटतं जुन्या टूथब्रशनंही घासलं असावं.

"पाह्य दादा." त्यांनी पडद्यावर एक फोटो उघडला. तो यजमानांनीच कधीतरी घरच्या ग्रुपवर टाकलेला शेकाट्या होता, लाल काड्यांसारख्या पायांवर उभा. "हे तुयं पाखरू. हे दोन डिस्कवर हाये. आता पाह्य."

आणि त्यांनी चालू मशीनमधल्या एका डिस्कची वायर सरळ उपटली.

यजमान खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, अरे!"

"बस. एक मेली. आता दुसरा फोटो उघड."

यजमानांनी भीत भीत बटण दाबलं. दुसरा फोटो उघडला. तिसराही. मशीननं एक बारीक पीं असा आवाज करून तक्रार नोंदवली, पण काम थांबवलं नाही. भाऊजींनी वायर परत लावली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली.

"आता हे त्याले सांगून राहिलं, की तू नव्हता तेव्हा काय काय झालं."

यजमानांना ते आवडलं. मला दिसलं. पण लगेच त्यांच्यातला वकील जागा झाला. वीज किती खाईल? खोक्यापेक्षा जास्त, भाऊजींनी कबूल केलं. आवाज? "येते थोडा. पंखा हाये." उन्हाळ्यात? "उन्हाळ्यात तं आपनबी गरम होतो." कंपनीची गॅरंटी? "माही." म्हणजे माझी. यजमानांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं, हे बंद कसं करायचं?" आणि उत्तराची वाट न पाहता वाकून त्यांनी भिंतीतला प्लग काढला.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. ती पट्टी अजून अर्धीच भरली होती.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. ओरडले मात्र नाहीत. स्टुलावर बसले आणि माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "वैनी, तुमी डब्बाच घ्या."

"काय?"

"खरंच सांगतो. मी मशीन इकून मोकळा होईन, पन दादाच्या हाती हे टिकत नाही. त्या डब्ब्यावर एक बटन असते, काय चाललं ते सांगते, पोरगी पुण्यातून पाह्यते. तेच बरं. मले वाईट नाही वाटत."

आम्ही ज्या कामासाठी आलो होतो ते झालं होतं. नाही म्हणायचीही गरज उरली नव्हती. पण यजमानांचा चेहरा लाल झाला.

"काहून टिकत नाही?" ते म्हणाले. कोर्टात ते शुद्ध बोलतात, माझ्याशीही बऱ्यापैकी. वऱ्हाडी फक्त दोनदा येते, फार राग आला की आणि फार आनंद झाला की. "लोकायच्या जमिनीचे कागदं सांभाळून राहिलो मी एवढे वर्षं. एक कागद हारपला नाही. अन् हे टिकत नाही?"

"दादा, तू प्लग उपटला."

"मले काय माहीत, उपटायचा नसते?"

तेवढ्यात जाऊबाईंचा जेवायला या असा फोन आला, म्हणून ते भांडण तिथेच थांबलं.

भाऊजींचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. जाऊबाईंनी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली होती, सोबत कांद्याची पात. दोघे भाऊ समोरासमोर बसले आणि भाकरीशिवाय कशाकडे पाहीनात. मीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "भाऊजी, तुम्हाला हे जुन्या वस्तूंचं कसं काय सुचलं हो? नवीन कॉम्प्युटरचं दुकान का नाही काढलं?"

मला वाटलं, भांडवल नव्हतं म्हणतील. ते जरा हसले.

"मले जुनं आवडते, वैनी. लहानपनापासून. दादाले मोठ्या चुलत दादाचे कपडे भेटत, अन् दादाले लहान झाले की मंग मले. तिसऱ्या हातचे. दिवाळीले माय पेटी उघडे, तं मी आधीच उभा. यंदा दादाचा कोनता सदरा माया वाट्याले येते म्हनून." ते भाकरीचा तुकडा मोडत बोलत होते. "निळ्या चौकड्याचा एक होता. तो घालून दादा भाषनात पहिला आला होता. तो मले भेटला, तं मी झोपतानाबी काढत नव्हतो. मले वाटे, आपनबी आता बोलू लागू. सारं गाव म्हने, हा तं वकिलाचा भाऊ. तवा दादा वकील नव्हता झाला, पन म्हनत."

यजमानांचा हात ताटातच थांबला.

"तो खिसा फाटलेला?" त्यांनी विचारलं.

"हाव. तोच. मायनं आतून ठिगळ लावलं होतं. मी त्याच्यात चिंचोके ठेवत होतो."

ज्या सदऱ्यामुळे यजमान आयुष्यभर कोऱ्या पाकिटांच्या मागे लागले, तोच. मी जाऊबाईंकडे पाहिलं, त्या ठेचा वाढायच्या थांबल्या होत्या. यजमान पाणी प्यायले, त्यांनी घसा साफ केला. वाटलं, आता काही मोठं बोलतील. ते म्हणाले, "भरीत मस्त झालं आहे." आणि आणखी एक भाकर मागितली.

जेवण झाल्यावर ते आपणहून दुकानाकडे निघाले. आम्ही मागे. आत जाऊन त्या काळ्या मशीनसमोर उभे राहिले, झडप उचलून लावून पाहिली, पुन्हा काढली. "याच्यात अजून दोन डिस्कची जागा हाये म्हनतो ना तू?"

"हाये."

"बांध मंग."

"दादा, मी बोललो म्हनून नको घेऊ."

"तू काय बोलला? मी माया पाखरायसाठी घेऊन राहिलो. अन् बंद कसं करायचं, ते शिकव."

मग मी माझी अट घातली. मशीन घरात येईल, पण त्याचा ताबा माझ्याकडे राहील. पासवर्ड माझ्याकडे, प्लगला हात फक्त मी लावणार. यजमानांनी हरकत घेतली, ती मी फेटाळली. भाऊजी मोठ्यानं हसले आणि त्याच दुपारी मला स्टुलावर बसवून शिकवायला लागले. हा हिरवा दिवा म्हणजे ठीक. हा पिवळा म्हणजे मला फोन करा. कॉम्प्युटर शिकायची मला भीती वाटायची, पण शिकवणारा माणूस "एवढंही कळत नाही का" असं एकदाही म्हणाला नाही, तर माणूस कोणत्याही वयात शिकतो. ते मला माझ्याच वर्गातल्या मुलांकडून कळायला हवं होतं.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी वैतागली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण काका, सगळं एकाच घरात नको. चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही डिस्क एकदम जातील. एक प्रत दुसऱ्या गावात पाहिजे."

"मी दुकानात ठेवतो ना. असंच एक डबडं पडलं हाये."

नंतर मला तिचा वेगळा मेसेज आला, 'काकांना बरंच कळतं.' मी तो भाऊजींना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

पुढच्या आठवड्यात भाऊजी मशीन घेऊन स्वतः आले. रेल्वेनं, गोधडीत गुंडाळून, मांडीवर ठेवून. आमच्याकडे चहा पिताना त्यांनी सांगितलं, की मूर्तिजापूरला डब्यात चढलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाये भाऊ याच्यात? देव हाये काय?"

"नाही बाबा. पाखरं हायेत."

"आवाज नाही येऊन राहिला?"

"झोपले."

म्हाताऱ्यानं मग बडनेऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणाला तिथे टेकू दिलं नाही. पाखरं उठतील म्हणाला.

मेलेल्या डबीचंही त्यांनी सांगितलं. खूप प्रयत्न केले, शेवटी ओळखीच्या एका तज्ज्ञाकडे दिली. बरंच गेलं. पण काही हंस परत आले होते. पूर्ण नव्हेत. कुणाचं डोकं आणि पंख स्पष्ट, खालचा अर्धा भाग सपाट राखाडी, जसं तलावावर कुणी सिमेंट ओतलं. मला वाटलं, यजमानांना ते बघून जास्तच वाईट वाटेल. पण त्यांनी एकेक फोटो सावकाश पाहिला आणि म्हणाले, "डोकं आलं ना. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या महत्त्वाच्या." ते अर्धे हंस नव्या मशीनमध्ये सगळ्यात आधी गेले.

आता मशीन घरात आल्यावर सगळं सुरळीत झालं असं म्हणाले तर मुलगी मला खोटारडी म्हणेल. आधी ते यजमानांच्या ऑफिसच्या खोलीत ठेवलं. पंख्याचा आवाज ऐकून एका पक्षकारानं बोलणंच बंद केलं. त्याला वाटलं, वकीलसाहेब आपलं बोलणं रेकॉर्ड करतात. तिथून ते जिन्याखाली गेलं, इन्व्हर्टरच्या शेजारी. तिथे त्याच्या उबेला एक पाल येऊन राहिली. मग हॉलमध्ये ठेवलं, तर टीव्ही मोठा करावा लागे. टोस्टरएवढं खोकं घेतलं असतं तर ते पुस्तकांच्या मागे मुकाट बसलं असतं, हे मला तेव्हा रोज आठवे, आणि एकदा मी ते बोलूनही दाखवलं. यजमानांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पंख्याच्या आवाजात ते सोपं होतं.

एप्रिलअखेर अमरावती तापली तसं मशीन दुपारी आपोआप बंद पडायला लागलं. पिवळा दिवा. मी भाऊजींना फोन केला.

"त्याले ऊन लागून राहिलं, वैनी. घरात सगळ्यात थंडी खोली कोनती?"

"देवघर."

"तं तिथं ठेवा."

"कूलर लावला तर?"

"कूलरची ओली हवा नको त्याले. देवघरच. पन उदबत्ती बंद, हां. धूर आत जाते."

मी दोन दिवस विचार केला. शेवटी देवांना जरा डावीकडे सरकवलं आणि मशीन उजवीकडे आलं. उदबत्ती आता अंगणात तुळशीपाशी लावते. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी सवयीनं मशीनलाही नमस्कार केला.

आणि भाऊजी यायला लागले. पूर्वी सणावारी भेट व्हायची. आता कधी पंखा बदलायचा असे, कधी धूळ काढायची, कधी "एक अपडेट आलं हाये, ते समोर बसून केलेलं बरं". शनिवारी दुकान लवकर बंद करून येत आणि रविवारी जेवून जात. त्यातली किती कामं फोनवर झाली असती, हे मला आता कळतं, कारण मी ती फोनवर ऐकून करू शकते. मी त्यांना तसं सांगत नाही. जाऊबाईही कधी सोबत येतात. त्यांना शेंदूरजनाघाटच्या माहेरून संत्री आलेली असली की आमची टोपली भरते. रात्री दोघे भाऊ देवघराच्या उंबऱ्यात बसून फोटो लावत बसतात. भाऊजी पक्ष्यांची नावं विचारतात आणि दहा मिनिटांत विसरतात. पाणकावळ्याला ते बगळ्याचा काका म्हणतात. यजमान दर वेळी सुधारतात, दर वेळी तेवढ्याच गांभीर्यानं.

थंडी पडल्यावर एका रविवारी यजमानांनी त्यांनाही पहाटे उठवलं. मीही गेले. वडाळीच्या काठावर धुकं होतं आणि गवत ओलं. भाऊजींनी कानाला मफलर बांधला होता, पायात दुकानातल्या चपला. यजमानांनी आपली दुर्बीण काढून त्यांच्या गळ्यात अडकवली आणि मागे उभं राहून तिचं चाक फिरवून द्यायला लागले.

"दिसते काय?"

"पानी दिसते."

"पाण्यावर पाह्य. डावीकडे. लहानशी, गोल. टिबुकली."

"हाव! दिसली. कोंबडीच्या पिल्लावानी हाये." मग एकदम ओरडले, "बुडाली! दादा, बुडाली बे ते!"

"बुडाली नाही. ते डुबकी मारते. निंघन आता."

"कुठून?"

"सांगता येत नाही."

दोघेही वाकून पाण्याकडे पाहायला लागले. भाऊजी म्हणाले, त्या बाभळीच्या सावलीत निघेल. यजमान म्हणाले, शक्यच नाही, उजवीकडे शेवाळापाशी. दोघांनी हात लांब करून आपापली जागा दाखवली आणि तसेच थांबले, एक इकडे, एक तिकडे. मी थर्मास उघडला. टिबुकली त्यांच्या अगदी पायाशी, काठाजवळ वर आली, डोकं झटकलं, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली गेली. त्यांच्यापैकी कुणालाही ती दिसली नाही. मी दोन कपांत चहा ओतला आणि हाक मारली, पण दोघेही हात तसाच धरून म्हणाले, "थांब जरा, आता निघतेच."